तीन नग शॉर्ट

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या कुठल्याही लग्नात पंगतीला बसलं की माणसं आकड्यांत बोलायला लागतात. कोणाची बोअर किती फुटांवर जाऊन कोरडी निघाली, कोणाच्या उसाला एकरी किती टन पडले, रांजणगावच्या एमआयडीसीत कोणाच्या पोराला किती पॅकेज लागलं. आमचे दौंडचे मामा एवढा वेळ मुकाट्याने मठ्ठा पीत असतात. सगळ्यांचं सांगून झालं की पेला खाली ठेवतात, मिशा पुसतात आणि म्हणतात, "आपले चारशे बारा झाले."

"टन?" शेजारचा विचारतो.

"सायटेशन," मामा म्हणतात आणि पुढची जिलेबी घेतात.

हे चारशे बारा मामांचे नव्हेत. माझ्या मावशीची मुलगी, आम्हा सगळ्यांची ताई, शिरूरच्या शाळेत शिकून पुण्यात डॉक्टर झाली, मग युरॉलॉजिस्ट झाली, आणि आता लंडनला असते. मूत्रमार्ग आकसून लघवी तुंबते, त्या आजारावर तिचं संशोधन आहे. तिने लिहिलेल्या पेपरचा दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात आधार घेतला की खाली संदर्भ द्यावा लागतो, आणि तिच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. जमा तिच्या नावावर होतं, पण त्याची खातेवही दौंडला असते.

या जातीची माणसं आता घरोघर सापडतात. पुतण्याच्या यूट्यूबचे सबस्क्रायबर रोज मोजणारे काका, नातवाच्या क्रिकेट सामन्यांची सरासरी चौथ्या दशांशापर्यंत काढणारे आजोबा. स्वतःला मोजण्यासारखं काही उरलं नाही की माणूस घरातलं दुसऱ्याचं मोजायला घेतो. मामांची गोष्ट एवढीच वेगळी की त्यांनी मोजायला घेतलेली वस्तू आमच्या दोन्ही तालुक्यांत दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हती.

मामा रेल्वेत होते. दौंड जंक्शनला पार्सल ऑफिसात आयुष्य गेलं. वे-बिलावर जेवढे नग लिहिलेत तेवढे गाडीतून उतरले पाहिजेत, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर उतरवून घ्यायला काही राहिलं नाही, आणि नेमकं तेव्हाच ताईने त्यांना मोबाइलवर गूगल स्कॉलरचं आपलं पान उघडून दाखवलं. "मामा, हे बघा, इथे आपोआप वाढतं." हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं.

तेव्हापासून सकाळी आंघोळ, देवपूजा, मग चष्मा आणि गूगल स्कॉलर. पेपर त्यानंतर. वहीत दोन रकाने आहेत, एक गूगलचा, एक स्कोपसचा. गूगलचा आकडा कायम मोठा, कारण तो प्रबंध, पुस्तकं, अजून छापून न आलेले मसुदे, सगळं मोजतो. स्कोपस निवडक नियतकालिकांपलीकडे फारसं बघत नाही. "गूगल हात सैल सोडतो," असं मामा म्हणतात, आणि लग्नात सांगताना मात्र गूगलचाच आकडा सांगतात. तिसरा रकाना पेन्सिलीने आखलेला आहे. त्यात ताईने स्वतःच्याच जुन्या पेपरांचे दिलेले संदर्भ असतात. ते वजा करायचे.

"मामा, सगळेच देतात," ताई फोनवर सांगते. "पुढचं काम मागच्या कामावरच उभं असतं. मागचं सांगायला नको का?"

"सांग की. पण धरायचं नाही."

एकदा रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. त्या वेळी आलेला फोन माणूस उभं राहूनच घेतो. पलीकडून घोगरा आवाज: "तीन गेले."

"कोण तीन?"

"काल चारशे बारा होते. आज चारशे नऊ. तीन नग शॉर्ट आहेत."

गूगल स्कॉलरवर हे होतं. एकाच लेखाच्या दोन नोंदी एकत्र केल्या जातात, एखादं पान इंटरनेटवरून नाहीसं होतं, आणि आकडा खाली येतो. ताईने हे सांगितलं. मामांना पटलं नाही, कारण त्यांच्या नोकरीत माल कमी आला तर कोणाची तरी सही घ्यावी लागायची. "कमी केले तर करा बाबा, पण मेमो द्या. पावती नाही, काही नाही!" पुढचे काही दिवस ते वहीतल्या नोंदी मोबाइलशी ताडून बघत बसले. दोन सापडले: एका तुर्की लेखाची नोंद दोनदा झाली होती, आणि एक कुठल्याशा परिषदेचा गोषवारा होता. तिसरा नग आजतागायत मिळालेला नाही. वहीत त्याच्यापुढे लाल शाईने "तपास चालू" असं लिहिलेलं आहे.

दौंड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मामांचा दरबार भरतो. एसआरपीतून निवृत्त झालेले एक हवालदार, दोन माजी गार्ड, आणि कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून बाहेर पडलेला एक फिटर. या मंडळींना मामांनी एच-इंडेक्स शिकवला आहे. मी स्वतः ऐकलंय. "समजा अकरा पेपर असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाला निदान अकरा सायटेशन आहेत. मग एच अकरा. बारा व्हायचा तर बारा पेपर पाहिजेत आणि प्रत्येकाला निदान बारा. कळलं?"

हवालदारांनी लगेच शंका काढली. "आणि एखाद्यानं जन्मात एकच पेपर लिहिला, अन् त्याला हजार जणांनी धरलं, तर?"

"तर एच एक."

"हजार असून एक?"

"एक."

"अन् हे कोणी ठरवलं?"

हे ठरवलं होर्हे हिर्श यांनी. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ, साल २००५. एवढ्या थोड्या काळात या एका आकड्यावर जगभर नेमणुका आणि बढत्या व्हायला लागल्या. पुढे २०२० मध्ये खुद्द हिर्शनीच लिहिलं की या मापाचे परिणाम भलतेच वाईटही होऊ शकतात. माझ्याकडून हे ऐकून हवालदारांना फार बरं वाटलं. मामांना ते आधीच माहीत होतं, पण टपरीवर त्यांनी सांगितलं नव्हतं.

शिरूरला मावशीकडे आले की मामांची गाठ एका वकिलांशी पडते. त्यांना या विषयात काही समजावून सांगावं लागलं नाही. कुठल्या जुन्या निकालाचा आधार पुढे कुठल्या कोर्टाने घेतला, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. आणि गंमत अशी की सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे. अमेरिकेत १८७३ पासून वकिलांसाठी शेपर्डची अशी सूची निघत होती. तिच्यावरून यूजीन गारफील्ड यांना १९५५ साली सुचलं की विज्ञानातही असंच करता येईल, आणि १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स आली. वकील म्हणाले, "म्हणजे तुमची ताई आमच्याच धंद्यात आहे." मावशी आतून म्हणाली, "तिला तरी तारखा लावू नका."

पण आकडा ही मामांची वरवरची आवड आहे. आत मुरलेली आवड म्हणजे नावं. पेपरावर एकापुढे एक छापलेली ती लेखकांची रांग. मामा ती लग्नपत्रिकेसारखी वाचतात. पहिलं नाव वधू-वरांचं, म्हणजे ज्याने राबून काम केलं त्याचं. शेवटचं नाव घरातल्या कर्त्याचं, ज्याच्या विभागात, ज्याच्या पैशावर काम झालं त्याचं. मधली नावं निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक. यातले निम्मे खरंच पातेली उचलतात आणि निम्म्यांचं नाव नाही टाकलं तर ते रुसतात. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी पेपर लागतात, त्यामुळे काही पेपरांवर असंही एखादं नाव असतं की ज्याने मांडवात पाऊल ठेवलेलं नसतं, पण आशीर्वाद त्याचेच. मामा ते बरोबर ओळखतात. "हे मानपानाचं," म्हणून त्यावर बोट ठेवून पुढे सरकतात.

वहीच्या मागच्या बाजूला त्यांनी ताईच्या सहलेखकांची यादी केली आहे, गावासकट. त्यांच्या लेखी ही सगळी सोयरीक. "इटलीकडचे", "तुर्कस्तानकडचे", "चंदीगडचे". एखादं नाव सलग तीन पेपरांत आलं आणि चौथ्यात नसलं की मामांना चैन पडत नाही. "त्या इटलीवाल्या बाईंचं आणि तिचं काही बिनसलं का रे?" मी म्हणालो, बदली झाली असेल. "विचारून घे. काय झालं म्हणून तोडायचं नसतं."

या सोयरिकीत मामांचा आदर्श मात्र पुण्याचा आहे. डॉ. संजय कुलकर्णी. मूत्रमार्ग दुरुस्त करण्याची त्यांची एक पद्धत आहे: तो चहूबाजूंनी मोकळा करत बसण्याऐवजी एकाच बाजूने सोडवायचा, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा तसाच राखायचा, आणि गालाच्या आतलं अस्तर काढून वरच्या अंगाला जोडायचं. २००९ साली हे बीजेयू इंटरनॅशनलमध्ये आलं. लेखक चार: कुलकर्णी, बार्बाग्ली, सान्सालोने, लाझ्झेरी. त्याच वर्षी युरोपियन युरॉलॉजीत लायकेन स्क्लेरोसस या आजाराच्या २१५ रुग्णांवरचा त्यांचा पेपर आला, त्यावर पाच नावं: कुलकर्णी, बार्बाग्ली, किर्पेकर, मिर्री, लाझ्झेरी. ही रांग मामांना गुरुचरित्रातल्या अध्यायाइतकी पाठ आहे, आणि "किर्पेकर" म्हणताना आवाज थोडा चढतो. बार्बाग्ली हे इटलीतल्या अरेत्सो गावचे, पण मामांच्या बोलण्यात ते केडगाव-चौफुल्याच्या आसपास कुठेतरी राहतात.

"आणि आता काय झालंय माहितीये? लोक नुसतं 'कुलकर्णी पद्धत' असं लिहितात. काही जण तर खाली संदर्भसुद्धा देत नाहीत. माणसाचं नावच रूढ झालं की मोजणी थांबते." हे सांगताना मामांना अभिमान वाटतो आणि हिशेबात न आलेल्या त्या सायटेशनांची हळहळही वाटते. दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर दिसतं.

नावांचा एक वेगळाच ताप आमच्या घराण्याला झाला. ताईचं आडनाव असं की शिरूर एसटी स्टँडवर हाक मारली तर अर्धा फलाट मागे बघतो. आडनाव आणि पुढे एक इंग्रजी आद्याक्षर, एवढ्यावर गूगलने ताईच्या पानावर काय काय आणून टाकलं! त्यात उसावरच्या तांबेऱ्याचा एक पेपर होता. त्याला सायटेशन ताईच्या कुठल्याही पेपरापेक्षा जास्त. मावशीच्या दिरांचं मत पडलं की राहू द्यावा, न्हावऱ्याला कारखाना आहे, लोकांना सांगायलाही सोपं जाईल. मामांनी ऐकलं नाही. ताईला फोन करून तो त्याच दिवशी काढायला लावला. "दुसऱ्याचं पार्सल आपल्या नावावर सोडवून घ्यायचं नाही."

मग त्यांना आद्याक्षरं वाचायचा छंदच लागला. पेपर कुठलाही असो, मराठी माणूस त्यांना रांगेत बरोबर सापडतो. जर्नल ऑफ युरॉलॉजीत १९६७ साली शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर मुंबईच्या दोन फडक्यांचा पेपर आहे, जी. एम. आणि ए. जी. नसबंदी उलटवण्यावर लिहिणारे पुढे कित्येक वर्षं त्याचा संदर्भ देत आले. मामांनी पेपर उघडलाही नाही. नुसती नावं वाचून म्हणाले, "पोराच्या मधल्या अक्षरात बाप बसलाय बघ."

ताईचं लग्न ठरलं तेव्हा याच मधल्या अक्षरावरून बैठकीत शांतता पसरली होती. सासरकडच्यांनी पत्रिकेसाठी नवं नाव विचारलं. लग्नानंतर मधलं अक्षर आणि आडनाव दोन्ही बदललं तर आधीचे पेपर एका बाईचे आणि नंतरचे दुसऱ्या बाईचे दिसतात, हे त्या बैठकीत फक्त दोघांना कळत होतं. ताई काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "नाव तेच राहील. चालू खातं आहे." व्याह्यांना वाटलं बँकेचं असेल. त्यांनी मान डोलावली. आता ऑर्किड म्हणून संशोधकांसाठी १६ अंकी क्रमांक मिळतो, २०१२ पासून आहे, नाव काहीही असलं तरी माणूस तोच राहतो. ताईचा तो क्रमांक मामांच्या वहीच्या पहिल्या पानावर, 'श्री'च्या खाली लिहिलेला आहे.

टपरीवरच्या मंडळींना मामांनी या शास्त्राचा एक व्यावहारिक उपयोगही करून दाखवला. सगळे तंबाखूवाले. एके दिवशी फिटर तळहातावर चुना-तंबाखू मळत होता. मामा सहज म्हणाले, "उद्या तुझी लघवी अडली तर नवीन नळी गालाच्या आतल्या कातडीची करतात. तुझ्या गालात काय उरलंय?" मळणारा अंगठा थांबला. "लखनौच्या डॉक्टरांनी लिहिलंय, २००९ साली. तंबाखूवाल्यांच्या गालाला त्रास जास्त होतो." हवालदारांनी जीभ फिरवून आपला गाल आतून तपासला. नंतर थोडे दिवस टपरीवर बडीशेप खपत होती म्हणे. मग पूर्ववत.

पण या गालाच्या कातडीच्या इतिहासात मामांना एक माणूस भेटला, आणि त्याने त्यांची झोप उडवली. किरिल सापेझ्को, रशियन साम्राज्यातला सर्जन. त्याने ही शस्त्रक्रिया १८९४ च्या सुमारासच करून रशियनमध्ये लिहून ठेवली होती. बाहेर कोणाला पत्ता नाही. इंग्रजीत १९४१ साली हंबी यांनी लिहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं सुरुवात हंबींपासून सांगितली जायची. सापेझ्कोचं श्रेय युरोपियन युरॉलॉजीत २०१२ साली नीट मांडून छापलं गेलं. तोवर त्याला जाऊन ऐंशीच्या वर वर्षं झाली होती.

"म्हणजे माल पोचला होता," मामा मला म्हणाले. "फलाटावर पडून राहिला. कोणी सोडवलाच नाही." त्या दिवशी त्यांनी ताईचा आकडा बघितला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बघू उद्या." वहीत त्यांनी सापेझ्कोसाठी एक पान केलंय. त्यावर आकडा नाही. नाव आहे, आणि १८५७ ते १९२८.

मागच्या दिवाळीला ताई आली होती. मामा दौंडहून पाटस, चौफुला, न्हावरे करत एसटीने शिरूरला हजर. पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिकीट नाही, काखेत वही. एच अकरावर अडकून बसला होता. बाराव्या पेपराला एकच सायटेशन कमी. ताईने चकली तोंडात टाकायच्या आत मामांनी तिला विचारलं, "त्या बाराव्याचं काय?"

"मामा, तो छोट्या विषयावरचा आहे. वाचणारेच कमी. हृदयरोगात असते तर हजारांनी झाले असते."

"तरीपण. तुझ्या ओळखीत कोणी—"

"मागायचं नसतं, मामा."

"मागत नाही मी. कोणी लिहितंय का, एवढंच विचारतोय."

मावशी चुलीपुढून, म्हणजे आता गॅसपुढून, बराच वेळ ऐकत होती. तिने झारा बाजूला ठेवला. "मला एक सांगा. त्या बाराव्या पेपरात माणसं किती होती?"

ताई म्हणाली, "चाळीस."

"मग त्यांना होतीय का आता नीट?"

"बहुतेकांना."

"मग झालं की," मावशी म्हणाली आणि पुन्हा कढईकडे वळली. मामा वही उघडून थोडा वेळ बसले. मग त्या बाराव्या पेपराच्या ओळीत, उरलेल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. ताई गेल्यावर मी हळूच बघितलं. लिहिलं होतं: "नग ४०. पैकी बहुतेक पोच."

हल्ली त्यांची नजर माझ्याकडे वळली आहे. मी दिवाळी अंकांत लिहितो, अधूनमधून साप्ताहिकात. वहीत माझंही पान निघालंय. लेखांची नावं त्यांनी नीट लिहिली आहेत, आणि पुढचा रकाना "कोणी घेतलं?" हा कोरा. दर महिन्याला विचारतात. शेवटी वैतागून मी म्हणालो, "मामा, तुम्हीच एक पत्र टाका ना पेपरला. वाचकांच्या पत्रव्यवहारात माझ्या लेखाचा उल्लेख करा. एक तरी होईल."

त्यांनी खरंच टाकलं. छापूनही आलं, माझ्या लेखाच्या नावासकट. मी कात्रण घेऊन दौंड गाठलं आणि त्यांच्यासमोर वही उघडून ठेवली. मामांनी कात्रण वाचलं, घडी घालून पानात ठेवलं, खिशातून पेन्सिल काढली आणि वजा करायच्या रकान्यात एक लिहिला.

"नातेवाइकाचं धरत नाहीत," ते म्हणाले.